कौशल्याचा खेळ, पण कोणाच्या कौशल्याचा?

पत्त्यांच्या खेळात कौशल्य प्रधान की नशीब, हा वाद आपली न्यायालये अर्धशतकाहून अधिक काळ ऐकत आली आहेत. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरबाबत एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार मानले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याच्या बाजूने कौल दिला. परंतु ज्याच्या कौशल्याची ग्वाही दिली जाते, तो मुरलेला खेळाडू असतो. नवख्याजवळ ते नसतेच. ते त्याला शिकावे लागते.

आणि पोकर शिकणे कमालीचे फसवे आहे. हाती एक्क्यांची जोडी असूनही, एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पानांसमोर शंभरात सुमारे पंधरा वेळा हार पत्करावी लागते. म्हणजे निर्णय अचूक, निकाल मात्र विपरीत. भित्रा नवखा समोरच्याची बोली निमूटपणे जुळवत राहतो, थोडेथोडे हरतो आणि का हरलो हे त्याला कधीच उमगत नाही. धीट नवखा बोली वाढवतो, हूल देतो. त्याच्या चुका मोठ्या असतात, पण त्या दिसतात. आणि दिसणारी चूक दुरुस्त करता येते. आततायीपणाला लगाम घालणे सोपे, भिडस्ताच्या अंगी धाडस आणणे अवघड. म्हणून आक्रमक खेळाडू अधिक लवकर शिकतो, हे शिकवणाऱ्यांचे मत मला पटते.

पण त्यात एक मेख आहे. हूल यशस्वी झाली की प्रतिस्पर्धी पाने न दाखवताच माघार घेतो. ती हूल शहाणपणाची होती की केवळ फळली, हे कळायला मार्ग उरत नाही. शेजारी बसून डाव उलगडून दाखवणारा कोणी नसेल, तर धीट नवखा चुकीचाच धडा गिरवतो, तोही दुप्पट आत्मविश्वासाने.

पैसे लावून खेळवणाऱ्या अ‍ॅपवर असा शिक्षक नव्हता. तेथे डावातील रकमेतून कंपनी आपला वाटा कापून घेत असे, मग जिंको कोणीही. धीटाची शिकवणी एका रात्रीत वसूल होई, भित्र्याची महिनोन्‌महिने.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारून पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ बंद केले. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही; पैसे न लावता खेळण्यास वाव आहे. कायद्याचा हा सरसकटपणा मला खटकतो, कारण ज्याने वर्षानुवर्षे खपून ही विद्या कमावली, त्याला तो सट्टेबाजाच्या पंक्तीला बसवतो. मात्र नवख्यापुरता त्याचा परिणाम योग्यच आहे: शिकायचे तर खोट्या चिपांवर शिका.

या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि कौशल्याचा युक्तिवाद तेथे पुन्हा होणारच. तेव्हा कंपन्यांकडून एक हिशेब मागवावा: खाते उघडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात किती नवखे नफ्यात राहिले, आणि त्या वर्षात त्यांच्या डावांतून कंपनीने किती रक्कम कापून घेतली.