आजीचं रेडियम

मंडळी, लॉन, डेक आणि तळघर यांची पुराणे या पानावर सांगून झाली. आता गॅरेजचे दार उघडू या. निमित्त आमच्या चिरंजीवांचे. त्यांना सोळा पूर्ण झाली, लायसन हातात पडले आणि आमची नऊ वर्षांची राखाडी सिव्हिक त्यांच्या ताब्यात गेली. जॉर्जियात त्याआधी शिकाऊ परवान्यावर एक वर्ष आणि एक दिवस काढावा लागतो आणि मोठ्या माणसाला शेजारी बसवून ४० तास गाडी चालवावी लागते, त्यातले ६ तास रात्रीचे. ते मोठे माणूस म्हणजे आम्ही. चाळीसच्या चाळीस तास आम्ही उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत काढले. त्यामुळे गाडी त्याची झाली तरी तिच्यावर आपलाही थोडा हक्क आहे, असा आमचा समज होता.

सप्टेंबरातल्या एका रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी कारवर रेसिंग स्ट्राइप्स लावणार आहे. पांढऱ्या. दोन."

आमचा घास हातातच राहिला. ज्या गाडीला आम्ही दर दोन महिन्यांनी वॅक्स लावले, पार्किंग लॉटमध्ये जिला नेहमी शेवटच्या रांगेत एकटी उभी केली, तिच्या अंगावर पट्टे? आम्ही एका दमात तीन मुद्दे मांडले. विकताना किंमत पडेल, एचओएचं पत्र येईल, आणि पोलीस तुलाच आधी थांबवतील. चिरंजीवांनी एकाच वाक्यात निकाल लावला, "बाबा, ते पेंट नाहीये, व्हायनल आहे. निघतं."

"अहो, चालवायला अख्खी गाडी दिलीत," आमची ही आमटी वाढता वाढता म्हणाली, "मग पट्टी लावायला काय हरकत आहे?" वर दुकानातून लावून घेण्याचा खर्च आणि घरी लावण्याचा खर्च यांतला फरक कळला, तेव्हा आमचा उरलेला विरोधही मावळला. पैसे वाचत असतील तर मराठी माणूस तत्त्वाला मुरड घालू शकतो.

आता हे दोन पट्टे आले कुठून, ते सांगायला हवे. पूर्वी मोटारींच्या शर्यतींत देशांचे रंग ठरलेले असत. इटली लाल, इंग्लंड हिरवा, फ्रान्स निळा, आणि अमेरिका पांढऱ्यावर निळा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिग्ज कनिंगहॅम नावाचे अमेरिकन गृहस्थ आपल्या गाड्या फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवत. त्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर मधोमध निळे पट्टे होते. १९६५ मध्ये शेल्बी जीटी ३५० मस्टँगवर तेच पट्टे आले आणि शर्यतीचा शिक्का घरोघरच्या गाड्यांवर बसला. आमच्या अल्फारेटापासून तासाभराच्या आत, ब्रेसल्टनला, रोड अटलांटाचा ट्रॅक आहे. तिथे १९९८ पासून 'पेटी ल माँ', म्हणजे धाकटे ल माँ, भरते. चिरंजीव मित्रांबरोबर ते पाहून आले होते. रोगाचे मूळ तिथे होते.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी सकाळी काम सुरू झाले. ज्यांच्या घरी सोळा वर्षांचे कुणी आहे त्यांच्यासाठी कृती देतो. हवा ६० ते ८० अंश फॅरनहाइट असावी. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पट्टी टेकताक्षणी धरून बसते आणि गार पत्र्यावर नीट धरतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पाइनचे पिवळे पराग उडतात, तेव्हा तर हा उद्योग करूच नये. एक कण खाली राहिला तरी वर फोड दिसतो. गाडी आधी भांड्याच्या साबणाने धुवायची, मग रबिंग अल्कोहोलने पुसायची, कारण वॅक्सवर गोंद धरत नाही. आमचे नऊ वर्षांचे वॅक्स चिरंजीवांनी अर्ध्या तासात पुसून टाकले. आम्ही त्या वेळी आत जाऊन चहा करून आणला.

व्हायनल दोन प्रकारचे मिळते. ओतून बनवलेले पातळ असते आणि वळणावर छान बसते. लाटून बनवलेले स्वस्त असते, पण पुढे आक्रसते. आम्ही अर्थातच स्वस्ताकडे बोट दाखवले, चिरंजीवांनी महागातले आधीच मागवले होते. ज्या पट्टीच्या पाठीवर हवा निघायला बारीक खाचा असतात ती कोरडीच लावायची. आमची साधी होती, म्हणून फवाऱ्यात पाणी आणि साबणाचे दोन थेंब. पाण्यामुळे पट्टी जागेवर थोडी सरकवता येते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे मध्य शोधणे. बोनेटवरचा बिल्ला मधोमध आहे असे समजायचे नाही. दोन्ही बाजूंच्या फटींपासून टेपने मोजायचे, नाकाजवळ एकदा आणि काचेजवळ एकदा. मग नाकापासून डिकीपर्यंत चिकटटेपची रेघ आखायची, वीस पावले मागे जायचे आणि डोळ्यांनी बघायचे. टेपने सरळ आलेली रेघ डोळ्याला वाकडी दिसली, तर डोळ्याचे ऐकायचे.

पट्टी मधोमध टेपने बांधून अर्ध्या भागाचा कागद सोलायचा, फवारा मारायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेला पाणी ढकलत जायचे. मग दुसरा अर्धा भाग. याला चार हात लागतात. दोन सोळा वर्षांचे, दोन आमचे. कागद कुणी सोलायचा आणि नुसते धरून कुणी उभे राहायचे, याची वाटणी झाली तेव्हा कळले की कामाचे मालक ते आहेत आणि आम्ही हाताखालचे.

एक गंमत मात्र झाली. चिरंजीव एरवी आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतात. आम्ही बोनेट म्हणतो, ते हुड म्हणतात. आम्ही डिकी म्हणतो, ते ट्रंक. पण दोन्ही हात गुंतलेले, पट्टी ओली, आणि साबणाचे पाणी कोपरावरून ओघळतेय, अशा वेळी त्यांच्या तोंडून भराभर आले, "धरा. ताणा. नको, ओढू नका. सोडा! बाबा, हळू." मराठी शाळेत इतकी वर्षे घालून आज्ञार्थ इतका पक्का झालेला आम्हाला माहीत नव्हता.

तेवढ्यात आमची आई बाहेर आली. ती उन्हाळ्यात सांगलीहून आली आहे. गॅरेजच्या पायरीवर उभी राहून तिने बोनेट न्याहाळले आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर रेडियम!"

"आजी, रेडियम इज रेडिओॲक्टिव्ह," चिरंजीव म्हणाले.

आम्ही समजावले. सांगली-कोल्हापूरकडे रिक्षावर नाव घालायचे, स्कूटरवर 'आईचा आशीर्वाद' लिहायचा किंवा नंबरप्लेट करायची तर रेडियमवाल्याकडे जातात. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना अंधारात चमकणारा रंग लावत, त्यात खरेच रेडियम असे. बहुधा तिथून ते नाव चिकटपट्टीपर्यंत आले असावे. रेडियमवाल्याच्या पट्टीत रेडियम नसते, पण नाव काही सुटत नाही.

"तुझ्या बाबानंही लावलं होतं," आई नातवाला म्हणाली. "आजोबांच्या चेतकला."

आम्ही फवारा खाली ठेवला. मंडळी, १९८० च्या दशकात चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आमच्या वडिलांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी सीटवरचे प्लास्टिकसुद्धा काढले नाही. आणि कॉलेजात असताना एका दुपारी आम्ही तिच्या बाजूच्या डब्यावर लाल रेडियमचे दोन पट्टे लावून आणले. वडील ओरडले नाहीत. रात्री त्यांनी रॉकेलचा बोळा घेऊन, कंदील शेजारी ठेवून, दोन्ही पट्टे खरवडून काढले. तिथला रंग विटला. त्यानंतर आम्ही त्या स्कूटरकडे किल्ली मागितली नाही, आणि त्यांनीही दिली नाही. अमेरिकेला येईपर्यंत हा विषय घरात पुन्हा निघाला नव्हता.

"आजोबा चिडले?" चिरंजीवांनी विचारले.

"चिडले. पण रंग गेला तो गेलाच," आई म्हणाली. "मग रोज सकाळी तेवढ्याच जागेवर फडकं मारत बसायचे. मी म्हणायची, अहो, बाकीची गाडी पुसा की. तर म्हणायचे, पोराचं काढायला नको होतं."

हे आम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकले. वडिलांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता फवारा आमच्या हातात परत दिला. "बाबा, ट्रंक राहिलाय. त्याचा पेपर तुम्ही काढा."

आम्ही काढला. डोळ्यांत साबण गेला होता म्हणा, किंवा काय म्हणायचे ते म्हणा, डिकीवरचा डावा पट्टा पाव इंच सरकला. पाणी निघून गेल्यावर ते लक्षात आले. जास्तीची पट्टी शिल्लक होती. आम्ही म्हटले, काढून परत लावू. चिरंजीव मागे जाऊन बघून आले.

"राहू दे, बाबा. ते मागे आहे. मला गाडी चालवताना दिसणार नाही."

दसऱ्याला आईने हळद-कुंकू आणि झेंडूची माळ घेऊन गॅरेज गाठले. हळदीचा डाग पांढऱ्या व्हायनलवरून जात नाही, म्हणून नातू बोनेटवर आडवाच पडायचा बाकी होता. तिने समजूतदारपणे स्वस्तिक काचेवर, एका कोपऱ्यात काढले आणि चाकाखाली लिंबू ठेवले.

मंडळाच्या कोजागरीला पार्किंग लॉटमध्ये आमच्या पट्ट्यांची बरीच चर्चा झाली. तिघांनी पत्ता विचारला, एकाने "मुलगा फार डोक्यावर बसलाय" असेही सुचवले. पाव इंचाबद्दल कुणी काही बोलले नाही. तो आम्हालाच दिसतो. रोज सकाळी चिरंजीव शाळेला निघतात, तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही ड्राइव्हवेत उभे असतो.