वेझले : सुंदर टेकडी आणि तिचा पुरता इतिहास

१/ फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, वेझले हे टेकडीवरचे लहानसे गाव आहे. वस्ती पाचशेच्याही आत. पायथ्याच्या चौकातून मुख्य रस्ता चढत जातो आणि माथ्यावर मरीया मग्दालीया या संत स्त्रीच्या नावाने उभ्या असलेल्या भव्य चर्चपाशी पोहोचतो. हे चर्च आणि ही टेकडी १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

२/ पर्यटकांसमोर वेझले मांडले जाते ते 'जेथे काळ थांबला आहे असे शांत गाव' म्हणून. हे वर्णन अपुरे आहे आणि काही अंशी दिशाभूल करणारेही. याच टेकडीच्या उतारावरून एका धर्मयुद्धाची हाक दिली गेली होती. आठशे वर्षांनी त्या हाकेला उत्तरही याच टेकडीवर दिले गेले. ज्याला हाक ठाऊक नाही, त्याला उत्तराचे मोल कसे कळावे?

३/ वेझलेचा मठ नवव्या शतकातला. अकराव्या शतकात मरीया मग्दालीयाचे अवशेष आपल्याकडे असल्याचा दावा मठाने केला आणि यात्रेकरूंची रीघ लागली. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाकडे जाणाऱ्या चार प्रमुख फ्रेंच यात्रामार्गांपैकी एक येथून सुरू होत असे. यात्रेबरोबर व्यापार आला, व्यापाराबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर तंटे आले.

४/ नवे चर्च बांधण्याचा खर्च करांच्या रूपाने गावावर पडला. ११०६ मध्ये चिडलेल्या गावकऱ्यांनी मठाधिपती आर्तो याची हत्या केली. ११२० मध्ये मरीया मग्दालीयाच्या उत्सवाच्या सुमारास चर्चला आग लागली. हजाराहून अधिक यात्रेकरू दगावल्याची नोंद मध्ययुगीन वृत्तान्तांत आहे. ११५२ मध्ये नागरिकांनी मठाची सत्ता झुगारून स्वतःचे नगरशासन स्थापले. ११५५ मध्ये राजाने ते मोडून काढले. 'काळ थांबलेल्या' गावाचा हा अवघा पन्नास वर्षांचा लेखाजोखा!

५/ याच काळात, ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड याने फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि जमलेल्या सरदारांसमोर दुसऱ्या क्रुसेडची हाक दिली. जमाव चर्चमध्ये मावणारा नव्हता, म्हणून सभा उतारावरच्या मोकळ्या मैदानात भरली. वाटण्यासाठी आणलेले कापडी क्रूस संपले, तेव्हा बर्नार्डने स्वतःची वस्त्रे फाडून क्रूस करून दिले, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतो.

६/ पुढे काय झाले? ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत राडुल्फ नावाच्या एका भिक्षूने लोकांना यहुद्यांविरुद्ध भडकावले आणि हत्या घडल्या. त्याला रोखण्यासाठी बर्नार्डला स्वतः जर्मनीत जावे लागले. प्रत्यक्ष मोहीम ११४८ मध्ये दमास्कसच्या वेढ्यात अवघ्या काही दिवसांत फसली. तरीही ११९० मध्ये तिसऱ्या क्रुसेडसाठी इंग्लंडचा रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप यांच्या सेना पुन्हा वेझलेलाच एकत्र आल्या.

७/ त्या काळाची दृष्टी चर्चच्या आतल्या मुख्य दरवाजावर दगडात कोरलेली आहे. मध्यभागी ख्रिस्त आपल्या शिष्यांना जगभर पाठवीत आहे. कडेने जगातील दूरदूरचे लोक आहेत : सुपाएवढ्या कानांचे, शिडी लावून घोड्यावर चढणारे ठेंगू आणि कुत्र्याच्या मस्तकाचे. असे श्वानमुखी लोक भारतातील पर्वतांत राहतात, असे ग्रीक लेखक क्टेसियस याने कित्येक शतके आधी लिहून ठेवले होते. अपरिचितांविषयीचे कुतूहल आणि अज्ञान येथे एकाच शिल्पात नांदतात. ज्या पिढ्यांनी हे शिल्प घडवले आणि पाहिले, त्यांनीच क्रुसेडची हाक ऐकली. हे लक्षात घेतले की ते केवळ गमतीदार उरत नाही.

८/ वेझलेचा उत्कर्ष ज्या दाव्यावर उभा होता, त्याच्याशीच त्याचा उतारही निगडित आहे. १२७९ मध्ये प्रोव्हान्समधील सें-माक्सिमें येथे त्याच संत स्त्रीचे अवशेष सापडल्याचे जाहीर झाले. पोपने त्या स्थानाला मान्यता दिली, यात्रेकरू तिकडे वळले आणि वेझले ओसरत गेले. पुढे सोळाव्या शतकातील धर्मयुद्धे आणि नंतर फ्रेंच राज्यक्रांती यांनी उरलेसुरले वैभवही ओरबाडले.

९/ १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक प्रॉस्पर मेरिमे येथे आला, तेव्हा चर्च कोसळण्याच्या बेतात होते. १८४० मध्ये हे काम व्हिओले-ले-द्युक या २६ वर्षांच्या वास्तुशिल्पीकडे सोपवले गेले आणि १८५९ पर्यंत ते चालले. पश्चिमेच्या दर्शनी भागावरील मुख्य शिल्प एकोणिसाव्या शतकातले आहे. आतले मात्र मूळचे. म्हणजे आज जे 'मध्ययुगीन' दिसते, त्यातील काही भाग आधुनिक निर्णयाचा परिणाम आहे. यात कमीपणा नाही. डागडुजी हाही इतिहासच आहे, फक्त तो तसा सांगितला गेला पाहिजे.

१०/ भारतीय वाचकाला या गावात एक ओळखीचे नाव भेटते. महात्मा गांधी, रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांची चरित्रे लिहिणारे फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ १९३८ पासून वेझलेत राहिले. पहिल्या महायुद्धाच्या उन्मादात युद्धाविरुद्ध लिहिण्याचे धैर्य दाखवलेल्या या लेखकाने दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातील फ्रान्स याच टेकडीवरून पाहिला. ३० डिसेंबर १९४४ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. त्यांच्या घरात आज कलासंग्रहालय आहे.

११/ आता त्या उत्तराविषयी. १९४६ मध्ये बर्नार्डच्या हाकेला आठशे वर्षे झाली. तो दिवस पराक्रमाचा म्हणून मिरवता आला असता. त्याऐवजी शांतीची यात्रा निघाली. वेगवेगळ्या ठिकाणांहून यात्रेकरूंनी १४ जड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पायी वेझले गाठले. जवळच्या छावणीतील जर्मन युद्धकैद्यांनी सहभागाची इच्छा व्यक्त केली आणि बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांच्या लाकडांतून आणखी एक क्रूस केला. युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते, तरी तो क्रूसही स्वीकारला गेला. ते क्रूस चर्चमध्ये आजही पाहायला मिळतात.

१२/ यावर एक आक्षेप संभवतो : दोन घटका निवांत घालवायला आलेल्या प्रवाशावर हत्यांचे आणि फसलेल्या मोहिमांचे ओझे कशाला? पण हे ओझे बाहेरून आणलेले नाही. ते त्या भिंतींवर आहे. ११४६ वगळले, तर १९४६ चे क्रूस म्हणजे भिंतीला टेकवलेली जुनी लाकडे ठरतात. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा मान राखूनही त्यांच्या कृत्याचे वेगळे उत्तर देता येते, हे येथील लोकांनी दाखवून दिले. वेझलेचा खरा वारसा हा आहे. देखणे दगड त्याच्यानंतर येतात.

१३/ म्हणून वेझलेला जाणाऱ्याने थेट माथा गाठू नये. आधी उत्तरेकडच्या उतारावर, बर्नार्डच्या त्या सभेची आठवण म्हणून बांधलेल्या ला कोर्देल या लहानशा प्रार्थनागृहापाशी जावे. मग गावातून वर चढावे, दरवाजावरचे ते दूरदेशीचे लोक निरखावेत आणि शेवटी आत जाऊन जर्मन कैद्यांचा क्रूस शोधावा. वाट थोडी वाकडी पडते, पण हाक आणि उत्तर त्यांच्या योग्य क्रमाने भेटतात.