विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचा ‘ताप’ कमी खर्चात कसा मोजायचा?

इंजिन तापले की डॅशबोर्डवरचा काटा चढतो किंवा लाल दिवा लागतो. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तापला, तर मात्र बहुतेक गाड्यांत इशारा मिळतो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर. तोपर्यंत आतील तेलाची हानी झालेली असू शकते. सुट्ट्यांत कसारा किंवा पसरणी घाटातील रांगेत तासभर रखडणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्या वाढत असताना हे तापमान कळणे गरजेचे आहे. त्यासाठी मोठा खर्च करावा लागतोच असे नाही.

गिअरबॉक्स तापतो कशामुळे?

टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती तेलामार्फत पुढे जाते. भरलेली गाडी चढावर कमी वेगाने जात असते, तेव्हा कन्व्हर्टरमधील ‘घसर’ वाढते आणि वाया गेलेल्या शक्तीची उष्णता होते. हेच तेल वंगणाचे, दाब देण्याचे आणि थंड करण्याचे काम करते. ते जळले, की आतील क्लच आणि सीलही धोक्यात येतात. तेल वेळेवर बदलण्याचा खर्च काही हजारांचा असतो, गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर तो लाखाच्या घरात जाऊ शकतो.

प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीला मापक हवा का?

नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच जोडलेली स्वयंचलित यंत्रणा. तिथे तापतो तो क्लच, त्यामुळे तेलाचे तापमान मोजून फारसे हाती लागत नाही. कोरड्या क्लचच्या डीसीटीचेही तसेच. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि तेलात बुडालेल्या क्लचच्या डीसीटीला मात्र मापक उपयोगी ठरतो. त्यामुळे खरेदीआधी आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे, हे पाहावे.

सर्वांत स्वस्त मार्ग कोणता?

आधुनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तापमानाचा सेन्सर कंपनीने आधीच बसवलेला असतो. गिअर केव्हा बदलायचा, हे ठरवताना गाडीचा संगणक तो आकडा वापरतो. प्रश्न फक्त तो वाचण्याचा आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये तो पाहता येतो. साधा अडॅप्टर हजार रुपयांच्या आतही मिळतो.

इथे एक गफलत हमखास होते. अ‍ॅप उघडताच दिसणारे तापमान बहुधा इंजिनच्या कूलंटचे असते. गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या संकेतात ठेवते, त्यामुळे त्या मॉडेलचा संकेत अ‍ॅपमध्ये आहे का, हे आधी तपासावे. गाडी थंड असताना दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि चालू लागल्यावर वेगवेगळ्या गतीने वाढणारे दिसले, तर वाचन योग्य असण्याची शक्यता जास्त.

वेगळा मापक बसवायचा तर सेन्सर कुठे?

जुन्या गाडीत किंवा संकेत मिळत नसेल तेव्हा हा पर्याय उरतो. तेलाच्या चेंबरमधील तापमान सर्वांत स्थिर असते. सेन्सरसाठी आटे पाडलेला ड्रेन बोल्ट मिळाला, तर चेंबरला भोकही पाडावे लागत नाही. कूलरकडे जाणाऱ्या नळीत ‘टी’ जोडून सेन्सर लावला, तर सर्वांत गरम तेलाचा आकडा लगेच कळतो. कूलरकडून परतणाऱ्या नळीत तो लावू नये. तिथे थंड झालेल्या तेलाचा दिलासादायक आकडा दिसतो.

पैसे कुठे वाचवू नयेत?

मापक आणि सेन्सर एकाच जोडीचे असावेत. जोडी जुळली नाही तर आकडा चुकतो. मापकाचा वीजपुरवठा इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजमधून घ्यावा, मूळ वायर कापू नये. एका वायरचा सेन्सर अर्थिंग धातूच्या आट्यांतूनच घेतो, तिथे टेफ्लॉन टेपचे वेढे दिले तर वाचन बिघडू शकते. वॉरंटीतील गाडीत तेलाच्या नळीला हात लावणे टाळलेलेच बरे.

किती तापमान धोक्याचे?

साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही टॉर्क कन्व्हर्टर गाडीची नेहमीची पातळी. घाटात ती थोडा वेळ शंभरच्या वर गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. १२० च्या आसपास रेंगाळू लागली, तर थांबावे. त्यापुढे दर ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. गाडी सुरक्षित जागी ‘पार्क’मध्ये ठेवून इंजिन चालू राहू द्यावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते. चढावर खालचा गिअर हाताने निवडल्यास ताण कमी होतो.

मग हा आकडा चालकाला का दिसू नये?

अमेरिकेत ट्रेलर ओढणाऱ्या अनेक पिकअप ट्रकमध्ये हा मापक कंपनीकडूनच मिळतो. इथल्या गाड्यांत सेन्सर आहे, मोठा पडदाही आहे, तरी आकडा दडलेलाच राहतो. छतावरच्या काचेचे आणि रंगीत दिव्यांचे जादा पैसे घेणाऱ्या कंपन्यांना ही एक ओळ पडद्यावर दाखवणे जड जाऊ नये. घाटांच्या राज्यात ग्राहकांनी शोरूममध्ये हा प्रश्न विचारायलाच हवा. तोपर्यंत आधी असलेला सेन्सर वाचावा, ते जमलेच नाही तर नवा बसवावा, हा क्रम खिशाला आणि गाडीलाही परवडणारा आहे.