रद्दी विकण्यापूर्वी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की घराघरांतून माळ्यावरचे गठ्ठे खाली उतरतात. वर्षभराची वर्तमानपत्रे, मुलांच्या जुन्या वह्या, लग्नपत्रिका, विजेची बिले, बँकेची पत्रे, विम्याच्या पावत्या असा सगळा कागदी संसार एका सुतळीत बांधला जातो आणि दारात आलेल्या माणसाच्या तराजूत पडतो. बडोद्यात त्याला पस्तीवाला म्हणतात, इंदुरात अटालेवाला, बेळगावात तो आपला साधा रद्दीवाला; पण व्यवहार सगळीकडे एकच. चार पैसे हाती येतात, कपाट मोकळे होते आणि गृहिणी समाधानाचा निःश्वास टाकते. त्या तराजूत नेमके काय काय पडते, याकडे या महिन्यात आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

रद्दीवाला चोर नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. तो कष्टाने पोट भरणारा माणूस असतो. परंतु त्याच्या हातगाडीवरून गठ्ठा दुकानात जातो, दुकानातून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून कागदाच्या गिरणीत किंवा पुड्या बांधणाऱ्यांकडे. या प्रवासात तो किती हातांखालून जातो, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. खारे दाणे खाऊन झाल्यावर पुडी उलगडून पाहावी आणि तीवर कुणा अनोळखी विद्यार्थ्याची गुणपत्रिका किंवा कुणाचे बँकेचे उतारे दिसावेत, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. आपण क्षणभर हसतो आणि पुडी फेकून देतो. न फेकणाराही कुणी असू शकतो.

एखादा सुटा कागद फारसा घातक नसतो. विजेच्या बिलावर पत्ता असतो, विम्याच्या कागदावर जन्मतारीख आणि वारसाचे नाव, पॅन कार्डाच्या प्रतीवर वडिलांचे नाव आणि सही, बँकेच्या उताऱ्यावर खाते क्रमांक, आधारच्या प्रतीवर छायाचित्र आणि बारा आकडे. पण एका घरची रद्दी एकत्र बांधली, की वेगवेगळ्या कागदांवर विखुरलेला माणूस त्या गठ्ठ्यात पुन्हा जुळतो. तेवढ्या सामग्रीवर त्याच्या नावाने मोबाइलचे सिम मागता येते, कर्जासाठी अर्ज करता येतो, फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी खाते उघडण्याचा प्रयत्न करता येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत अनेक नागरिकांनी आपापले पत-अहवाल पाहिले, तेव्हा त्यांच्या पॅन क्रमांकावर कधीही न मागितलेली कर्जे चढलेली आढळली होती. कर्ज घेणारा दुसराच असतो. वसुलीचे फोन मात्र आपल्याला येतात.

आजची बहुतेक फसवणूक फोनवरून होते, रद्दीतून नव्हे, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. पण फोन करणाऱ्याला आपले नाव, आपली बँक, आपल्या विम्याचा हप्ता आणि मुलाचे नाव आधीच ठाऊक असेल, तर घरातील वडीलधारी मंडळी त्याच्यावर विश्वास ठेवणारच. त्याच्या बोलण्याला खरेपणाचा रंग अशाच कागदांमुळे चढतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमान्वये दुसऱ्याची ओळख चोरून वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि, चोर सापडेपर्यंतचा मनस्ताप कायदा परत घेत नाही.

मग सगळेच कागद नष्ट करावेत काय? आम्ही तसे मुळीच म्हणणार नाही. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरांनी तर नाहीच नाही. आपल्या आडनावाचे लेखन गुजरातीत एक, कन्नडात दुसरे आणि इंग्रजीत तिसरेच झालेले असते. पणजोबा कुठून आले, केव्हा आले, हे सांगणारा एखादा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जमिनीचा जुना कागदच काय तो आधार असतो. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने समिती नेमली, तेव्हा तिला निजामाच्या अमलातील दप्तरे धुंडाळण्यासाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांतील दप्तरे गोळा करीत राहिले, म्हणून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध होऊ शकली. कागदाचे सामर्थ्य हेच, की तो आपण कोण हे सिद्ध करतो. आणि त्याचा धोका तोच, की तो परक्याच्या हाती पडला, तर परक्यालाही 'आपण' होता येते.

म्हणून रद्दी बांधण्यापूर्वी कागदांचे तीन ढीग करावेत. पहिला ढीग कायम ठेवण्याचा. जन्म, विवाह व मृत्यूचे दाखले, शाळा-महाविद्यालयांची प्रमाणपत्रे, जातीचे व अधिवासाचे दाखले, घराची व जमिनीची कागदपत्रे, मालमत्ता कराच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचे आदेश, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र हे सगळे त्यात यावे. मोडी लिपीतला कागद वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत टाकू नये. आधी जाणकाराला दाखवावा.

दुसरा ढीग मुदतीचा. प्राप्तिकराचे विवरण, त्याला जोडलेल्या पावत्या आणि त्या वर्षांचे बँकेचे उतारे सात-आठ वर्षे ठेवावेत. विम्याचे कागद पैसे हाती येईपर्यंत, वस्तूंच्या पावत्या हमीची मुदत संपेपर्यंत, वीज व दूरध्वनीची बिले पुढच्या बिलात भरणा जमा झालेला दिसेपर्यंत पुरेत. प्रत्येक पाकिटावर 'अमुक सालापर्यंत' असे लिहून ठेवले, तर दरवर्षी नव्याने विचार करावा लागत नाही.

राहिलेले, ज्यांवर नाव, आकडा, सही किंवा छायाचित्र आहे असे सगळे कागद तिसऱ्या ढिगात जावेत. तो तराजूत जाता कामा नये. वर्तमानपत्रे व मासिके खुशाल विकावीत.

या ढिगाचे करायचे काय? नुसते दोन तुकडे करून टोपलीत टाकणे म्हणजे मनाची समजूत. १९७९ साली तेहरानमधील अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतला गेला, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी यंत्रात घालून पट्ट्या केलेले गुप्त कागदही पुढे चिकाटीने जुळवून वाचण्यात आले. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी शेवटच्या दिवसांत हातांनी फाडलेल्या कागदांची हजारो पोती निघाली. ती जुळवण्याचे काम १९९५ मध्ये सुरू झाले. आपल्या विजेच्या बिलासाठी कुणी एवढे कष्ट घेणार नाही. पण चार तुकडे जुळवायला कष्ट ते किती! कागद कापण्याचे यंत्र घ्यायचेच असेल, तर लांब पट्ट्या करणारे नको, उभे-आडवे कापून बारीक तुकडे करणारे घ्यावे.

पूर्वी असे कागद बंबात जात. आता बंबच राहिले नाहीत, आणि अंगणात कचरा जाळणे हा गुन्हा ठरतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घालून ५,००० रुपयांचा दंड ठरवला. परंतु आपल्या आज्या-पणज्यांची एक रीत आजही बिनतोड आहे. त्या कागद भिजत घालीत, त्याचा लगदा करीत, त्यात मेथीची पूड मिसळून उपड्या पातेल्यावर थापीत आणि वाळल्यावर त्याची टोपली होई. ओळखीचे कागद नष्ट करण्याचा यापेक्षा सुरक्षित घरगुती उपाय आम्हांस ठाऊक नाही. कागद बारीक फाडून बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवावेत आणि सकाळी हातांनी चांगले कुस्करावेत. झेरॉक्सची शाई पाण्याने जात नाही. म्हणून नुसते भिजवून भागत नाही, कागदाचे तंतू सुटेपर्यंत मळावे लागते. गुळगुळीत, प्लॅस्टिक चढवलेले कागद असे विरघळत नाहीत. ते कात्रीनेच कापावेत. एटीएमच्या चिठ्ठ्यांवर रसायनाचा लेप असतो; त्या टोपलीच्या लगद्यात घालू नयेत, बारीक फाडून कोरड्या कचऱ्यात टाकाव्यात.

मुदत संपलेले बँकेचे कार्ड चिपेवरून आणि मागच्या काळ्या पट्टीवरून आडवे-उभे कापावे आणि तुकडे वेगवेगळ्या दिवशी टाकावेत. बंद केलेल्या खात्याचे धनादेश बँकेला परत द्यावेत, किंवा आकड्यांची खालची पट्टी आणि सहीची जागा कापून उरलेले लगद्यात घालावेत. कुरिअरच्या खोक्यावरचा नाव-पत्ता-फोनचा कागद खरवडून मगच खोके बाहेर ठेवावे. जुने सिम मोडून टाकावे.

नंतर नष्ट करावी लागेल अशी प्रत मुळात कमी काढणे, हे त्याहून शहाणपणाचे. आधारची प्रत द्यावी लागली, तर शक्य तिथे पहिले आठ आकडे झाकलेले 'मास्क्ड आधार' द्यावे. कोणतीही प्रत देताना तीवर आडवी रेघ ओढून 'केवळ अमुक कामासाठी', तारीख आणि सही घालावी. मजकूर छायाचित्रावरही थोडा यावा. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत मागून घ्यावी, आणि दुकानदाराच्या फोनवर किंवा संगणकावर पाठवलेली फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसायला सांगावी. त्यात संकोच कसला?

एक गोष्ट सांगताना मन जड होते. घरात मृत्यू झाला, की बाराव्या-तेराव्यानंतर कुणीतरी हितचिंतक म्हणून गेलेल्या माणसाचे कपाट रिकामे करायला घेतो. पण गेलेल्याची ओळख त्याच्याबरोबर जात नाही, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा मालकही आता उरलेला नसतो. म्हणून घाई करू नये. दाखल्याच्या पुरेशा प्रती काढाव्यात, बँकेला व विमा कंपनीला कळवावे, शेवटचे प्राप्तिकर विवरण भरून मगच पॅन परत करावे, पारपत्र कार्यालयाकडे रद्द करण्यासाठी द्यावे, मतदारयादीतून नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरावा. आधारसाठी कुटुंबातील मृत्यूची नोंद संकेतस्थळावरून देण्याची सोय २०२५ पासून अनेक राज्यांसाठी झाली आहे. हे सारे उरकल्यावरच त्यांच्या कागदांचे तीन ढीग करावेत. त्यांच्या हस्ताक्षरातली पत्रे मात्र कोणत्याही ढिगात घालू नयेत. ती ज्याची त्याने जपावीत.

इतके करूनही काही घडलेच, तर लाज वाटून गप्प बसू नये. पैसे गेले असतील, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे; पोलिसांत लेखी तक्रार देऊन तिची प्रत जपावी. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर दिसते. कर्जांची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत आणि प्रत्येकीला वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो; तो मागवून पाहावा. चुकीची नोंद आढळून तक्रार केली आणि ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आहे.

यंदाच्या आवराआवरीत कागदांसाठी एक दुपार वेगळी काढावी. घरातील थोरांनी कोणता कागद कशाचा ते सांगावे, तरुणांनी पाकिटांवर साले लिहावीत, आणि लगदा कालवायला मुलांना बसवावे. त्यांना तो खेळच वाटेल. रद्दीचे थोडे पैसे कमी येतील, पण आपले नाव आपल्याच घरात राहील.