मूड लायटिंगचा मूड कुठे गेला?

भिवपुरीत ‘लो-व्होल्टेज’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला सगळ्यांना पाठ. संध्याकाळी पंखा मंदावला, ट्यूब लागायला नखरे करू लागली की शेजारचे काका गॅलरीतूनच निकाल देतात, ‘लो-व्होल्टेज आहे!’ दुसरा अर्थ इंटिरियरवाल्यांचा. फॉल्स सीलिंगमध्ये लपलेले, २३० ऐवजी फक्त १२ व्होल्टवर चालणारे ते छोटे गोंडस दिवे. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की खिशाला कशी भोकं पडतात, त्याची ही गोष्ट.

माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने भिवपुरी रोड स्टेशनजवळ रीसेलमध्ये रो-हाउस घेतलं. दोघांचं ऑफिस ठाण्यात, कर्जत लोकलचा रोजचा प्रवास, घरी पोचेपर्यंत साडेआठ. हॉलमध्ये आधीच्या मालकाने हॅलोजनच्या जमान्यात लावून घेतलेले सहा स्पॉटलाइट आणि भिंतीवर गोल फिरणारा डिमर. क्या बात है! प्रत्येक हॅलोजन ५० वॉटचा, म्हणजे सहांचे ३००. बिल बघून यांनी त्या जागी पाच-पाच वॉटचे एलईडी बसवले. त्याच संध्याकाळपासून हॉलचा डिस्को झाला. डिमर खाली आणला की दिवे लुकलुकायचे, आणखी खाली आणला की दोन विझायचे, चार चालू. सासूबाईंना मायग्रेन आहे, त्या हॉलमध्ये बसेनाशा झाल्या. दिवे दोनदा बदलून झाले. वायरमन म्हणाला, ‘इकडची लाइनच तशी, अख्ख्या घराला स्टॅबिलायझर लावा.’

लाइनवर खापर फोडणं इथे सोपं पडतं, आणि त्यात एक गंमतही आहे. भिवपुरीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून वीज बनवतंय. ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटमाथ्यावरून पाइपांतून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि वीज निघते मुंबईला. पायथ्याच्या घरांना वीज देते महावितरण. त्यामुळे ‘वीज आमच्याकडची आणि उजेड मुंबईत’ हा डायलॉग इथे कुठल्याही चहाच्या टपरीवर खपतो. पण या केसमध्ये लाइन निर्दोष होती, आणि ते तपासायला दोन मिनिटं पुरली. दिवे लुकलुकत असताना आतल्या खोलीतला साधा बल्ब बघायचा. तोही थरथरतोय, फ्रीजचा आवाज बदलतोय, तर दोष लाइनचा किंवा मेन जोडणीचा. बाकी घर शांत आणि फक्त हॉल नाचतोय, तर दोष हॉलमध्येच. मल्टिमीटर असेल तर रीडिंग घ्या. २३० व्होल्टच्या सहा टक्के वरखाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४, एवढं नियमातच बसतं. त्याखाली रोज जात असेल तर १९१२ वर तक्रार करा, दिव्यांना शिव्या देऊ नका. यांच्याकडे मीटरवर २२४ आला. स्टॅबिलायझरचे पैसे तिथेच वाचले.

मग लोचा कुठे होता? फंडा सिंपल आहे. आजचा घरगुती डिमर ज्या घराण्यातला आहे, त्याची सुरुवात १९५९ मध्ये जोएल स्पिरा या अमेरिकन माणसाने केली, आणि तेव्हा त्याच्यासमोर होता तारेचा पिवळा बल्ब. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा उसळी घेते आणि शून्यावर येते. डिमर त्या प्रत्येक उसळीचा एक तुकडा कापतो. बल्बची तार गरम असल्यामुळे मधला खंड आपल्याला जाणवत नाही. पण डिमरच्या आतला ट्रायअ‍ॅक चालू राहायला किमान काही करंट वाहावा लागतो. तेवढा मिळाला नाही की तो मध्येच हात सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. हीच ती लुकलुक. यांच्या डिमरच्या मागे स्पष्ट छापलं होतं : ६० ते ४०० वॉट. आणि लोड होता तीस!

बरं, वर आणखी एक भिडू बसलाय. १२ व्होल्टच्या प्रत्येक दिव्यामागे छताच्या आत एक ट्रान्सफॉर्मर असतो. यांच्याकडचे इलेक्ट्रॉनिक होते, त्यावर लिहिलेलं : २० ते ६० वॉट. प्रत्येकाला मिळत होते पाच. म्हणजे खाली डिमर उपाशी आणि वर सहाच्या सहा ट्रान्सफॉर्मरही उपाशी. वायरमनने एमसीबी पाडून डिमर बाजूला काढला आणि तात्पुरता साधा स्विच जोडला. (हे काम त्याचंच, यूट्यूब बघून तुमचं नाही.) लुकलुक कमी झाली, थांबली नाही. मग एका जागी जुना हॅलोजन परत लावला. तो ठाम उभा राहिला आणि शेजारचा एलईडी तसाच थरथरत होता. गुन्हेगार एक नव्हता, दोन होते.

अशा वेळी फक्त महागडा डिमर आणून भागत नाही, आणि नेमकी हीच सगळ्यांची पहिली खरेदी असते. डिमर, मधला ड्रायव्हर आणि दिवा या तिघांची पत्रिका जुळावी लागते. दिव्याच्या खोक्यावर ‘डिमेबल’ हवं, ड्रायव्हरवरही हवं, आणि डिमरचा किमान लोड तुमच्या एकूण वॉटपेक्षा कमी हवा. जुन्या जड, तांब्याच्या वेढ्यांच्या ट्रान्सफॉर्मरला ‘लीडिंग एज’ डिमर चालतो, इलेक्ट्रॉनिकला सहसा ‘ट्रेलिंग एज’ मानवतो. यांनी सहाही ट्रान्सफॉर्मर काढले, एलईडीचा डिमेबल ड्रायव्हर घेतला आणि त्याच्या पत्रकात सुचवलेलाच डिमर लावला. सासूबाई आता हॉलमध्ये बसून मालिका बघतात, उजेड निम्मा करून.

एक प्रकार मात्र मला अजिबात पटत नाही : डिमरच्या जागी पंख्याचा रेग्युलेटर! ‘फिरतो ना, मग चालतो’ म्हणणारे महाभाग कमी नाहीत. तो पंख्याच्या मोटरसाठी आहे. एलईडी त्यावर एक तर मंद होत नाही, नाहीतर फडफडून लवकर मरतो. डिमरची बारीक गुणगुण एकवेळ सोसा, पण प्लेट हाताला चटका देत असेल किंवा जळका वास येत असेल तर आधी एमसीबी पाडा, चर्चा नंतर. छताच्या पोकळीत कोंबलेल्या ड्रायव्हरलाही मोकळी हवा लागते.

कोव्हमधल्या १२ व्होल्टच्या पट्टीचं दुखणं वेगळं. सुरुवातीला झगझगीत, टोकाला मरगळलेली. २३० व्होल्टमधला एक व्होल्ट वायरमध्ये हरवला तर कळतही नाही, बारातला एक गेला की आठ टक्के गेले. जाड वायर घ्या, पट्टीला दोन्ही टोकांकडून सप्लाय द्या, नवीन करताय तर २४ व्होल्टची पट्टी बघा. इथे मंद करणारा कंट्रोलर ड्रायव्हर आणि पट्टीच्या मध्ये बसतो, भिंतीतला मेन डिमर नाही.

आणि लाइट गेल्यावरच दिवे गुरगुरत असतील तर इन्व्हर्टरकडे बघा. स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतो. उसळीचा तुकडा कापणाऱ्या डिमरला त्या चौकोनी लाटेत नीट कापताच येत नाही. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या भागात डिमर लावायचा असेल, तर ऑर्डर देण्याआधी इन्व्हर्टरवर ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलंय का ते वाचून या.