सुरीची मूठ आणि गळलेले शिंग

इंग्लंडमधील शेफिल्ड हे सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्याचे जुने शहर. तेथील उंची सुऱ्यांना सांबरशिंगाच्या मुठी बसवीत आणि त्यासाठी भारतातून शिंगे जात. सांबराच्या शिंगाचा बाहेरचा थर जाड व घट्ट, आतला सच्छिद्र गाभा थोडा. म्हणून कापूनही मूठ मजबूत राहते.

गाई-म्हशींचे शिंग नखाच्या जातीचे आणि जन्मभर टिकणारे. सांबर-चितळांचे शिंग मात्र हाडच. ते मखमली त्वचेखाली वाढते आणि कालांतराने आपोआप गळून पडते.

कारागीर वाळलेल्या शिंगाच्या तुकड्यात भोक पाडून पात्याची शेपटी राळेच्या मिश्रणाने आत पक्की करतो. अथवा करवतीने दोन फाळी पाडून, त्यांची आतली बाजू सपाट घासून, पात्याच्या दोन्ही अंगांना खिळ्यांनी जडवतो. बाहेरचा खडबडीत तपकिरी पृष्ठभाग शक्यतो राखला जातो. गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्याचेच!

शिंग गळलेले, मग हिंसा कुठे, असा व्यापाऱ्याचा युक्तिवाद असे. तो सर्वस्वी खोटा नव्हे. गळलेल्या शिंगाचे बूड अखंड, खडबडीत व बहुधा किंचित फुगीर असते. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो किंवा बुडाशी करवतीची खूण असते. पण मुठीसाठी तुकडे पाडले की बूड जाते आणि त्याबरोबर पुरावाही. तयार मूठ म्हणजे पावती हरवलेला माल. विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे तिला आधार नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये आला. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस गळलेल्या शिंगांच्या निर्यातीचा मार्गही बंद झाला. रानात पडलेले शिंग तसे वायाही जात नाही. साळिंदर ते कुरतडते आणि त्यातील खनिजे मिळवते.

आता बाजारात सांबरशिंगासारख्या दिसणाऱ्या मुठी येतात. त्यांतील काही प्लास्टिकच्या, तर काही गुरांच्या पायाच्या हाडावर खाचा पाडून, रंग देऊन केलेल्या. शिंग नको म्हणून निश्चिंत झालेल्या घरात अशी हाडाची मूठ सहज पोहोचते. दुकानात माल भरताना मूठ लाकडाची, प्लास्टिकची की हाडाची, हे पुरवठादाराकडून बिलावर लिहून घ्यावे. भिंगातून पाहिल्यास हाडावर बारीक ठिपके व रेषा दिसतात. प्लास्टिकवर त्या सहसा नसतात.