साहेबांची मुदत कोण ठरवणार?

रायपूरच्या शंकर नगरात मंत्र्यांचे बंगले. निवडणूक झाली की फाटकावरच्या नावाच्या पाट्या बदलतात. छत्तीसगढच्या मतदारांनी 2018 मध्ये भाजपला घरी बसवले आणि 2023 मध्ये काँग्रेसला. दर 5 वर्षांनी मंत्र्याला हिशेब द्यावा लागतो.

पण ज्यांच्या सहीने कारभार चालतो, त्या अधिकाऱ्यांचे काय? माजी मुख्य सचिव अमिताभ जैन नोव्हेंबर 2020 मध्ये काँग्रेसच्या राजवटीत नेमले गेले आणि भाजपच्या राजवटीतही कायम राहिले. जून 2025 मध्ये निवृत्तीचा दिवस उजाडला, तर आणखी 3 महिन्यांची मुदतवाढ मिळाली. त्या खुर्चीवर जवळपास 5 वर्षे! यात बेकायदा काही नाही आणि हीच तर खरी गोम आहे. निवृत्तीचे वय ठरलेले आहे, मुदतवाढीचीही सोय आहे, पण एका खुर्चीवर जास्तीत जास्त किती वर्षे, याचे बंधन नाही.

दिल्लीत तर याहून पुढची गोष्ट घडली. अंमलबजावणी संचालनालयाचे प्रमुख संजयकुमार मिश्रा 2018 मध्ये 2 वर्षांसाठी आले. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. अखेर जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला शेवटच्या मुदतवाढी बेकायदा ठरवाव्या लागल्या. मुदतवाढ देणाऱ्याचे उपकार अधिकारी विसरत नाही. मग तो जनतेचा नोकर राहतो की देणाऱ्याचा?

महाराष्ट्राने 2005 मध्ये बदल्यांचा कायदा केला. एका पदावर साधारणपणे 3 वर्षे, हा त्याचा नियम. पण खास कारण लेखी नोंदवून मधेच बदली करण्याची पळवाटही त्यातच ठेवली. 2005 च्या तुकडीचे तुकाराम मुंढे यांच्या 20 वर्षांत 20 हून अधिक बदल्या झाल्या. म्हणजे मर्जीतला असेल त्याला मुदतवाढ आणि नकोसा असेल त्याला बोचके बांधायचा हुकूम. दोन्हीकडे नियम गुंडाळला जातो आणि मर्जी चालते.

याचा भुर्दंड सामान्य कुटुंबाला पडतो. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायची असो, विधवेचे पेन्शन असो की मुलीचा जातीचा दाखला, वर्षानुवर्षे एकाच टेबलाला चिकटलेला बाबू दलालांचा सोयरा होतो. आणि जो काम करू पाहतो, त्याला गावाची ओळख होण्याआधीच हलवतात.

अनुभवी अधिकारी गेला तर काम अडेल, ही सबब पोकळ आहे. अनुभव अधिकाऱ्याबरोबर पुढच्या खात्यात जातो आणि फाइल जागेवरच राहते. एका माणसावाचून अडणारे खाते मुळातच नीट चालत नसते.

तेव्हा प्रत्येक पदाला 3 वर्षांची मुदत असावी, एक दिवस कमी नाही आणि एक दिवस जास्त नाही. अपवाद करायचाच, तर कारण जाहीर करून करावा. मंत्र्याला घरी पाठवायला मत आहे. साहेबाला हलवायला जनतेच्या हाती निदान कॅलेंडर तरी असावे.